घर घेऊन निघालेली माणसं : वर्धा, गिरड, नवेगावबांध

आजचा भाग जरा लांब आहे, चहा घेऊनच बसा. आणि आधीच सांगतो, हा भाग विनोबांवर नाही. वर्ध्याच्या माणसानं प्रवासावर बोलायचं ठरवलं की लोक आपोआप पदयात्रेची वाट बघतात. ते १९५१ साली पवनारहून निघाले आणि परत यायला १९६४ उजाडलं, एवढं मोठं प्रकरण दहा मिनिटांत उरकणं बरं नाही. त्यावर वेगळा भाग करू.

आज सुरुवात १६३२ पासून. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी तेव्हा उत्तर हिंदुस्थानातून प्रवास करत होता. वाटेत त्याला बैलांचा एक तांडा भेटला. किती बैल? चौदा हजार. सगळ्यांच्या पाठीवर धान्य लादलेलं. हा तांडा दिवसाला सहा-सात मैलांपेक्षा जास्त सरकत नाही, असंही त्यानं लिहून ठेवलंय. मी पडलो इंजिनियर, आकडा दिसला की गुणाकार केल्याशिवाय राहवत नाही. एका बैलावर शंभर-सव्वाशे किलो धरलं तरी तो माल चौदाशे ते साडेसतराशे टन भरतो. आज आपल्या वर्धा स्टेशनातून कोळशाची जी मालगाडी खडखडत जाते, तिच्यात साधारण साडेतीन-चार हजार टन असतो. म्हणजे जवळजवळ अर्धी मालगाडी पायानं चालत होती. इंजिन नाही, रूळ नाही, सिग्नल नाही.

पण मला त्या आकड्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीनं धरून ठेवलं. या माणसांबरोबर त्यांच्या बायका होत्या, पोरं होती, सगळं बिऱ्हाड होतं. ते कुठून तरी निघून कुठे तरी 'घरी' जात नव्हते. तांडा हेच घर होतं आणि ते घर रोज दहा-अकरा किलोमीटर पुढे सरकायचं.

हे मी वाचलं तेव्हा आमची कॅम्पर व्हॅन बुक होऊन आठवडा झाला होता. मी, पंक्या आणि सायली, तिघं कॉलेजपासूनचे. जानेवारीतले पाच दिवस, भाड्याची गाडी. टेम्पो ट्रॅव्हलरच, पण आतून बदललेली. चार झोपायच्या जागा, एक गॅसची शेगडी, इवलासा फ्रिज, शंभर लिटरची पाण्याची टाकी आणि वर गुंडाळून ठेवलेली एक कनात. रीलवर दिसते तितकी ऐसपैस नसते हे सांगून ठेवतो. रात्री एक जण उठला की तिघांनी उठायचं. ठरवलेली वाट अशी : वर्ध्याहून हिंगणघाट, जाम, गिरडची टेकडी, तिथून उमरेड-पवनी करत पूर्वेला तळ्यांच्या मुलखात, नवेगावबांध, मग रामटेक, आणि परतताना बोर. डोंगर चढायचे, तळ्याकाठी मुक्काम करायचा. सोबत गोरसपाकाचे चार डबे, कारण वर्ध्याचा माणूस बाकी काही विसरेल, पण गोरसपाक नाही.

मंडी वाचल्यावर मात्र त्या वाटेकडे बघायची नजर बदलली. कारण तीच वाट आहे.

म्हणजे काय ते नीट सांगतो. हिंगणघाटवरून जाणारा महामार्ग आता ४४ नंबरचा आहे, पण आपल्या आई-वडिलांसाठी तो 'सात नंबर' होता. वाराणसीहून निघायचा, जबलपूर, नागपूर, जाम, हिंगणघाट करत कन्याकुमारीला जायचा. त्याच्या वरच्या टप्प्याखाली आणखी एक जुना रस्ता दडलाय. नागपूरहून शिवनी, जबलपूर आणि पुढे गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाणारा. रेल्वे यायच्या आधी वऱ्हाड-नागपूरचा कापूस याच दिशेनं जायचा. बैलांच्या पाठीवर मिर्झापूर, तिथून नावेत बसून कलकत्ता. हिंगणघाटचा 'बनी' कापूस तेव्हा नावाजलेला होता. हिंगणघाट ते मिर्झापूर आजच्या रस्त्यानं पावणेआठशे किलोमीटरच्या आसपास भरतं. मंडीच्या तांड्याच्या वेगानं चाललात तर सव्वादोन ते अडीच महिने. तेही पाऊस लागायच्या आत, कारण पावसाळ्यात तांडा एका जागी थांबायचा.

हे सगळं वाहून नेणारे मुख्यतः बंजारा. आपल्याकडे लमाण म्हणतात, आणि हा शब्द 'लवण' म्हणजे मिठावरून आला असं सांगितलं जातं. ते स्वतःला 'गोर' म्हणवतात, भाषा गोरबोली. बैलांवर माल लादून जाण्याच्या या धंद्याला त्यांच्याकडे शब्द आहे 'लदेणी'. तांड्याचा प्रमुख तो नायक. कुठे थांबायचं, कुठल्या पाण्यावर बैल सोडायचे, कोणाशी भाव ठरवायचा, भांडण कसं मिटवायचं, सगळं नायकाकडे. परतीच्या फेरीत मीठ, धान्य, जे मिळेल ते. रिकामा बैल चालवणं परवडत नाही. आज ट्रकवाले परतीचं भाडं शोधतात, तसंच.

जामच्या चौकात आम्ही तर्री-पोहे खाल्ले. नागपूरहून येणारा रस्ता इथेच चंद्रपूरला आणि हैदराबादला फुटतो. ट्रकांची ही गर्दी. तिथून आत वळलं की समुद्रपूर आणि मग गिरड.

गिरड वर्ध्याच्या लोकांना माहीत आहे, पण दर्ग्यासाठी. टेकडीवर शेख फरीद बाबांचं स्थान आहे. हिंदू-मुसलमान दोघंही जातात, नवस बोलतात. बाबा फरीद तेराव्या शतकातले, त्यांची समाधी पाकपट्टणला, म्हणजे आज पाकिस्तानात. इथे त्यांनी तप केलं अशी श्रद्धा. चढ फार नाही, ज्यांना ट्रेक म्हटलं की कळसूबाईच आठवतं त्यांना हसू येईल. पण पायाखाली बघत चढा. मातीत गोल गोल दगड सापडतात. काही सुपारीएवढे, काही जायफळासारखे.

या दगडांची एक गोष्ट आहे आणि ती शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रजी पुस्तकांतही नोंदलेली आहे. दोन बंजारा व्यापारी माल लादून इथून चालले होते. त्यांनी फकिराची टिंगल केली. बाबांनी त्यांच्या सगळ्या मालाचे दगड करून टाकले. मग ते पाया पडले, गयावया करू लागले. बाबांना दया आली, आणि त्यांनी वाळलेल्या पानांपासून तेवढाच माल पुन्हा तयार करून दिला. ते दोघं इतके चकित झाले की पुढे गेलेच नाहीत. इथेच सेवेत राहिले. टेकडीवरच्या दोन कबरी त्यांच्या, असं सांगतात.

भूगर्भशास्त्र याचं साधं उत्तर देतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हा पसरला. थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या. नंतर त्या पोकळ्यांत पाण्याबरोबर आलेली खनिजं साचत गेली, झिओलाइटसारखी. भोवतालचा काळा दगड झिजला आणि आतल्या गोट्या सुट्या होऊन खाली पडल्या. झालं.

पण गोष्ट कशाबद्दल आहे ते बघा ना. इतक्या गोष्टी रचता आल्या असत्या, राक्षसाच्या, राजाच्या. इथल्या लोकांनी रचली ती मालवाहू बंजाऱ्यांची. म्हणजे या टेकडीखालून तांडे जाताना त्यांनी बघितले होते, वारंवार. गोण्यांतून काय येतं हे त्यांना ठाऊक होतं, सुपाऱ्या, जायफळं, जे दूरदेशाहून येतं ते. आणि मला सगळ्यात बोचलं ते गोष्टीचं टोक. माल परत मिळाल्यावरही ते दोघं चालायचे थांबले. गावात राहणाऱ्या माणसानं सांगितलेली गोष्ट आहे ही, त्यामुळे फिरता माणूस शेवटी सुधारला म्हणजे एका जागी बसला. बंजाऱ्यानं सांगितली असती तर कदाचित तो नवा माल घेऊन पुढच्या मुक्कामाला गेला असता.

गंमत अशी की राजांना मात्र बंजाऱ्यांनी एका जागी बसू नये असंच वाटायचं. फौजेला धान्य लागतं. शहाजहानच्या काळात दख्खनच्या मोहिमेवर आलेल्या आसफखानानं बंजारा नायकांना ताम्रपट दिला, त्यावर सोन्याच्या अक्षरांत सवलती कोरल्या होत्या, अशी एक दंतकथा आहे. लोकांच्या रांजणातलं पाणी घ्यायची मुभा, छपराचं गवत घ्यायची मुभा, आणि वर दिवसाला तीन खून माफ! खरं-खोटं सोडा. पण फौज उपाशी मरू नये म्हणून सत्ता किती वाकू शकते, हे लोकांना कसं दिसत होतं ते त्यातून कळतं.

१८०३ मध्ये आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूवाला ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला तोच, शिंदे-भोसल्यांशी लढायला दख्खनमध्ये उतरला. त्याची फौज बंजाऱ्यांच्या धान्यावर चालत होती. २९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड, आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह. या तहात वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या हातून गेला, निजामाला मिळाला. नदी ही सरहद्द झाली. आज पुलगावच्या पुलावरून अमरावती जिल्ह्यात जाताना आपल्याला काही जाणवत नाही, पण तेव्हा ते राज्य बदलणं होतं. आणि त्या सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना तांडे मात्र चालूच राहिले.

मग हे थांबलं कशानं? कोणी फतवा काढून नाही. रुळांनी.

इथे आपलं शहर गोष्टीत येतं. वर्धा हे काही पुराणकाळचं गाव नाही. १८६२ मध्ये नागपूरमधून वेगळा जिल्हा काढला, मुख्यालय आधी पुलगावजवळ कवठ्याला होतं. १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी नवं शहर आखलं, तेच वर्धा. फेब्रुवारी १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. तारखा जवळ जवळ ठेवून बघा. आपलं शहर आणि रेल्वे ही जवळजवळ जुळी भावंडं आहेत. पुलगाव हे नावच रेल्वेच्या पुलावरून पडलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला होता, सगळ्यांचे डोळे वऱ्हाडच्या काळ्या मातीवर होते. आता हिंगणघाटच्या कापसाला मिर्झापूरचं काही काम उरलं नाही. तो रेल्वेत बसला आणि सरळ मुंबईच्या बंदराकडे निघाला.

तांड्यांचा धंदा एका दिवसात बुडाला नाही, पण बुडाला. रेल्वेपासून दूरच्या डोंगराळ भागात काही वर्षं लदेणी तगून राहिली. मग तिथेही सडका झाल्या, बैलगाड्या आल्या. त्यात १८७८ चा वनकायदा आला. जंगलं राखीव झाली, चराईला परवाना, फी. विचार करा, हजारो बैल आहेत, वाहायला माल नाही आणि चरायला रान नाही.

आणि याच दशकात तिसरी गोष्ट झाली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा.

हा कायदा आपल्या शाळेच्या पुस्तकात एका ओळीत उरकतात, म्हणून जरा थांबतो. कायदा सांगायचा असा की काही जमाती जन्मानंच गुन्हेगार आहेत. एकदा जमातीचं नाव यादीत गेलं की माणसानं काही केलंय की नाही हा प्रश्नच नाही. नाव नोंदवायचं. ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची. गाव सोडायचं तर पास काढायचा, पास नसताना सापडलात तर शिक्षा. सुरुवातीला उत्तरेत, १८७६ मध्ये बंगालमध्ये, १९११ पासून सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात. यादी प्रांतागणिक वेगळी. एकच जमात एका प्रांतात गुन्हेगार आणि शेजारी नाही, असंही होतं. लमाणांचे काही गट काही ठिकाणी त्या यादीत गेले, पारधी गेले, कैकाडी गेले. काहींना कुटुंबकबिल्यासह तारेच्या कुंपणाआड ठेवलं, सोलापूरची सेटलमेंट त्यातलीच.

सत्तर वर्षांपूर्वी ज्यांच्या बैलांवर इंग्रजांची फौज जेवत होती, त्यांच्या फिरण्यालाच आता संशयाचा वास येऊ लागला. सरकारची अडचण समजते, खरं सांगायचं तर. कर घ्यायचा, जनगणना करायची, पोलीस पाटलाकडून खबर घ्यायची, तर माणूस एका पत्त्यावर सापडायला हवा. मी नोकरीत फॉर्म बनवतो. 'कायमचा पत्ता' या रकान्यापुढे लाल चांदणी असते, भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. १८७१ चा कायदा म्हणजे ती लाल चांदणी, फक्त मागे पोलीस उभा.

स्वातंत्र्य १९४७ ला आलं, हा कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. विमुक्त समाजातले लोक हिशोब सांगतात, आम्हाला स्वातंत्र्य पाच वर्षं सोळा दिवस उशिरा मिळालं. महाराष्ट्रात बंजारा आज विमुक्त जातींच्या यादीत आहेत. बहुतेक तांडे केव्हाच गावं झाली. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातले, पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते, इतका सलग काळ हे पद फार कमी जणांना मिळालं. म्हणजे गोष्ट सगळी रडकी नाही. पण एक कागद बघा. महाराष्ट्रात विमुक्त-भटक्या जातींचा दाखला काढायचा तर तुमचं कुटुंब २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीपासून राज्यात राहतं याचा पुरावा लागतो. ज्यांची ओळखच 'भटके', त्यांनी आजोबा कुठे राहत होते याचा कागद आणायचा! शाळेचा दाखला, सातबारा, काहीतरी. तांड्याचा सातबारा कुठून आणणार?

असो. गाडी पुढे नेऊ.

गिरडहून उमरेड, भिवापूर, पवनी. वैनगंगा ओलांडली की मुलूखच बदलतो. आपला काळा दगड मागे राहतो, कापूस-तूर जाऊन धानाच्या बांध्या लागतात, पाऊस जास्त, झाडी दाट. आणि तळी. गोंदिया-भंडारा-चंद्रपूर-गडचिरोलीत जुनी मालगुजारी तळी हजारोंनी आहेत. 'लेक डिस्ट्रिक्ट' बघायला लोक इंग्लंडला जातात, जावं, पण वर्ध्याहून पाच तासांत हेही दिसतं. आणि यातलं जवळजवळ कुठलंच तळं निसर्गानं केलेलं नाही. माणसांनी बांधलेली आहेत, मुख्यतः कोहळी समाजानं. नवेगावबांध हे त्यातलं मोठं, अकराएक चौरस किलोमीटर. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधलं. भोवती डोंगरांचं कडं आहे, त्यातली सात शिखरं म्हणजे 'सात बहिणी', त्यांनी तळं बांधायला हात लावला अशी श्रद्धा. कोलू पाटलाचाच पुढे देव झाला, कोलासुर. माझ्या मते हा फार योग्य देव आहे. धरण बांधणाऱ्याला शेंदूर फासायचा, याहून चांगला इंजिनियरिंगचा पुरस्कार मी तरी ऐकलेला नाही.

सकाळी डोंगरावर चढलो. धुकं होतं, खाली पाणी आहे हे फक्त बदकांच्या आवाजावरून कळत होतं. हळूहळू धुकं फाटलं आणि पाणी दिसायला लागलं, आधी एक कोपरा, मग बेट, मग सगळं. यावर जास्त बोलत नाही, मारुती चितमपल्लींनी या तळ्याकाठच्या दिवसांवर आख्खं पुस्तक लिहून ठेवलंय.

कोहळ्यांनाही इथे कोणीतरी आणलं होतं. गोंड राजांनी तळी बांधायला त्यांना बनारसकडून आणलं, अशी परंपरा सांगतात. म्हणजे हेही घर सोडून आलेलेच. फक्त त्यांनी बांध घातला, पाणी अडवलं आणि ते पाण्यापाशी राहिले. बंजाऱ्यांनी वाटेवरच्या पाण्याचा हिशोब ठेवला आणि ते चालत राहिले. दोघांचंही आयुष्य पाण्याभोवतीच बांधलेलं.

त्या रात्री आम्ही राखीव जंगलाच्या बाहेर, एका खेड्याच्या तळ्याकाठी गाडी लावली. कनात उघडली, खिचडी टाकली. वीस मिनिटांत टॉर्च घेऊन चार माणसं आली. सगळ्यात पुढे एक आजोबा.

"कोणत्या गावचे जी तुमी?"

"वर्ध्याचे."

"हे गाडीतच निजता काय जी?"

पंक्यानं दार उघडून दाखवलं. आजोबांनी वाकून शेगडी बघितली, फ्रिज बघितला, गादी दाबून बघितली. मग म्हणाले, इथं ओल लागते, शाळेच्या पटांगणात लावा, नळ आहे. सकाळी एका घरून दूध आलं. पैसे घेतले नाहीत.

बोलता बोलता आजोबा सांगत होते, पूर्वी दिवाळीनंतर मेंढ्यांचे कळप यायचे. शेतकरी त्यांना बोलवायचे, रात्री आपल्या शेतात मेंढ्या बसवायला. लेंड्या-मुताचं खत मिळायचं, बदल्यात मेंढपाळांना धान्य. "आता युरियाची पोती येतात," ते म्हणाले, "आन् कळप आले का पोरं भांडते." एवढंच. पुढे विषय धानाच्या भावावर गेला.

रामटेकबद्दल थोडक्यात. गडमंदिर चढलो, खाली खिंडसीचं पाणी, कालिदासाचं नाव सगळीकडे. तिथून मनसरचा फाटा जवळच आहे, तिथे ४४ नंबर पुन्हा भेटतो, जबलपूरकडे जाणारा. कापसाची जुनी वाट तीच. मी फाट्यावर उतरून फोटो काढला. त्या फोटोत एक टोलची पाटी आणि दोन कंटेनर आहेत, बाकी काही नाही.

आता आजच्याकडे येतो. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कॅराव्हॅन पार्क उभारा, गाड्यांची नोंदणी करा, सवलती घ्या. मला हे धोरण आवडलं. आमच्यासारख्यांना एका फॉर्मवर, एका लायसन्सवर, फिरतं घर पाच दिवसांसाठी मिळतं. कोणी हजेरी घेत नाही.

आणि जानेवारी २०२२. वर्धा नदीच्या पलीकडे, अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरच्या हद्दीत पोलिसांनी ५८ उंट अडवले. कच्छहून उंट घेऊन चालत आलेल्या पाच राबारी पशुपालकांवर गुन्हा. तक्रार अशी की उंट कत्तलीसाठी हैदराबादला चाललेत. राबाऱ्यांचं म्हणणं, आम्ही पिढीजात उंट पाळतो, आमचे लोक विदर्भात कित्येक वर्षं डेरे टाकून आहेत. उंट अमरावतीच्या गोरक्षण संस्थेत ठेवले गेले. झाडपाला खाणारा प्राणी, चालत चरणारा, तो आवारात बांधलेला. पुढे न्यायालयाच्या आदेशानं उंट मालकांना परत मिळाले, पण तोवर काही दगावले होते. पेपरात आलेली बातमी आहे, तुमच्यातल्या काहींना आठवत असेल.

या लोकांना आपण 'काठेवाडी' म्हणतो. सेलू, हिंगणी, आर्वीकडे हिवाळ्यात त्यांचे डेरे सगळ्यांनीच बघितलेत. काळ्या लोकरी ओढण्या घेतलेल्या बाया, उंटावर उलटी बांधलेली खाट, खाटेत भांडी, गोधड्या आणि मध्ये एखादं कोकरू मान वर काढून बसलेलं. आपण गाडी थांबवतो, फोटो काढतो, निघतो.

शेवटच्या दिवशी आम्ही बोरकडून येत होतो. बोरचा व्याघ्र प्रकल्प देशातल्या सगळ्यात छोट्यांपैकी, आत पायी फिरता येत नाही, त्यामुळे ट्रेकचा प्रश्न नव्हता. हिंगणीच्या अलीकडे सोयाबीन निघालेल्या एका रिकाम्या शेतात डेरा होता. आम्ही हातपंपावर टाकी भरायला थांबलो, तिथेच त्यांच्यातली एक मावशी कळशी घेऊन आलेली. सायलीशी बोलायला लागली, हिंदी-मराठी मिसळून. गाडीत डोकावली.

"इसमें पानी कितना रहता?"

"शंभर लिटर."

"कितने दिन चलता?"

"दोन दिवस. तिघांना."

ती हसली. मग भाडं विचारलं. सायलीनं सांगितलं, दिवसाचे सहा हजार. तिनं मागे वळून त्यांच्या भाषेत ओरडून डेऱ्याला ते सांगितलं आणि तिकडून दोन-तीन जण हसल्याचा आवाज आला. मग थोडं थांबून तिनं विचारलं, "रात को कोई उठाता नहीं तुमको?"

सायली म्हणाली, नाही. एका गावात तर दूध दिलं.

"अच्छा," ती म्हणाली. मग सांगायला लागली. या शेताचा मालक चांगला आहे, मेंढ्या बसवायला त्यानंच बोलावलंय, पाच दिवस झाले. पुढच्या गावात मागच्या साली रात्री उठवलं होतं, म्हणून या साली त्या गावावरून जाणार नाही, पलीकडून जाणार. फेरा पडतो, दोन दिवसांचा.

तिची कळशी भरली. आमची टाकी अर्धी झाली होती. हातपंप जुना होता, तीन जण आळीपाळीनं हापसत होतो. ती निघाली, शेताच्या धुऱ्यापर्यंत गेली आणि तिथून पंक्याला ओरडून म्हणाली, "धीरे मारो, धीरे! जोर से मारेगा तो पानी कम आता है."

तेही खरं निघालं.

भेटू पुढच्या भागात, मंडळी.